शेजारी कोण?



आजच्या शुभवर्तमानात नियमशास्त्राचा एक पंडित प्रभू येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? प्रश्न साधा दिसतो, पण त्याला खरे तर एक रेघ आखून हवी आहे. कुठपर्यंतची माणसे आपली आणि कुठून पुढची परकी, एवढे कळले म्हणजे तेवढ्यांवर प्रेम करून मोकळे होता येईल. प्रभू त्याला रेघ देत नाही. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या रस्त्यावर पडलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

माणूस खेड्यात असो की शहरात, त्याला ही रेघ हवीच असते. मोठ्या शहरात तर जास्तच. मुंबईतल्या ख्रिस्ती वाड्या आणि गावठाणे पाहिली म्हणजे हे चांगले कळते. गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचे रणवार, पाली, चिंबई. चहूबाजूंनी उंच इमारती आणि मधे कौलारू घरे, लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने. इथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक मूळचे मुंबई आणि साष्टीचे शेतकरी, कोळी, भंडारी. पोर्तुगीजांच्या अमलात त्यांच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा झाला, पण घरातली बोली मराठीच राहिली. ते शहरात राहायला आले नाहीत. शहरच त्यांच्या भातशेतांवर येऊन बसले.

खोताच्या वाडीची हकिगत मला विशेष आवडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनमालकाने आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि वस्ती उभी राहिली. ख्रिस्ती वाडी म्हणून सगळीकडे नाव झालेल्या या वस्तीला नाव आहे ते एका हिंदू खोताचे.

पुढे रेल्वे आली, गिरण्या आल्या. कामासाठी गोवा आणि मंगळूर भागातले कॅथलिक मुंबईत येऊ लागले. आडनावे तीच, डिसोझा, परेरा, फर्नांडिस. सगळ्यांना सरसकट पोर्तुगीज म्हटले जाई, आणि नोकरीच्या वेळी मूळचा कोण आणि बाहेरचा कोण हा वाद उभा राही. तेव्हा १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, मूळच्या लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन आपली संघटना काढली. गंमत पाहा, आपण इथल्याच मातीचे हे सांगण्यासाठी त्यांनी नाव उचलले ते एका विलायती कंपनीचे, आणि ती कंपनी तर १८७४ मध्येच मोडीत निघाली होती! पण हसून चालणार नाही. पोटाचा प्रश्न होता. तरीही एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांमध्ये त्या दिवशी एक रेघ ओढली गेली, हेही खरे.

या वाड्यांनी जपले तेही थोडे नाही. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणायचे. ऑक्टोबरात ‘आगेरा’ करायचा, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद घ्यायचा. शेते गेली तरी हा सण गेला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा लोकांनी गल्लीच्या तोंडाशी, विहिरीजवळ क्रूस उभारले. त्यांतले कितीतरी अजून उभे आहेत. मे महिन्यात शेजारीपाजारी तिथे जमून लितानी म्हणतात, मग उकडलेले चणे वाटतात. आजच्या पहिल्या वाचनात मोशे लोकांना सांगतो, की देवाचे वचन आकाशात किंवा समुद्रापलीकडे नाही, ते तुमच्या अगदी जवळ आहे. साथीच्या भीतीने दारे लावून बसलेल्या त्या लोकांना देव असाच जवळ, दारासमोर हवा होता.

गोव्याच्या लोकांनी दुसरी युक्ती काढली. एकेका गावाने मुंबईत आपली एक जागा घेतली, तिला ‘कूड’ म्हणतात. धोबी तलावाच्या जेर महाल इमारतीत अशा बऱ्याच आहेत. बोटीवर नोकरी करणारा गावचा माणूस बोट मिळेपर्यंत तिथे अल्प भाड्यात राहायचा. भिंतीला लावलेल्या ट्रंका, रात्री अंथरायची चटई, कोपऱ्यात वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची रोझरी. नव्याने आलेल्या पोराला इतक्या मोठ्या शहरात पहिल्याच दिवशी त्याच्या नावाने हाक मारणारे कुणीतरी असायचे. शोमरोन्याने जखमी माणसाला ज्या उतारशाळेत नेले, तिची मला इथे आठवण होते. फरक एवढाच, की कुडीत त्याच गावच्या माणसाला जागा मिळे.

आता आपल्याकडे येऊ. आपला औरंगाबाद धर्मप्रांत अमरावतीपासून वेगळा झाला तो १९७७ साली. परभणीत आपली वाडी नाही, गावठाण नाही. कुणी जिंतूर रोडला, कुणी वसमत रोडला, कुणी दूर खेड्यावर. पुष्कळांच्या गल्लीत आपले असे एकच घर आहे. त्यामुळे आपला शेजार आपोआपच सर्वांचा झाला. ईदला शीरखुर्मा आपल्या घरी येतो, दिवाळीला फराळ येतो, नाताळात आपली ताटे त्याच घरांत जातात. ही देवाची देणगीच आहे.

पण आपली मुले आता परभणीत राहत नाहीत. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने चाकण, भोसरी, हिंजवडी, देवगिरीने मुंबई. तिथे खोली शोधताना घरमालक आधी आडनाव विचारतो. आपल्यातल्या अनेकांना हे सांगायला नको, की आडनाव ऐकून एक दार बंद होते आणि गळ्यातला क्रूस पाहून दुसरे. मग क्रूस शर्टाच्या आत जातो. रविवारी मुलगा चर्च शोधत जातो. तिथे इंग्रजी मिस्सा, ओळखीचे गीत नाही, ओळखीचा चेहरा नाही. तो मागे उभा राहतो आणि मिस्सा संपताच निघतो. ‘कुठून आलास बाळा’ एवढे कुणी विचारले असते, तर तो पुढच्या रविवारी आला असता. तीन-चार रविवार जातात, मग ओव्हरटाइम असतो, मग तो जातच नाही.

दृष्टान्तातल्या त्या माणसाचे लुटारूंनी कपडेही काढून नेले होते, आणि तो अर्धमेला होता. म्हणजे पेहरावावरून कळत नव्हते आणि बोलीवरूनही कळत नव्हते, की हा कोणत्या लोकांतला. याजकाला आणि लेव्याला ते कळले असते, तर ते कदाचित थांबलेही असते. शोमरोन्याला तेवढी माहिती लागली नाही.

पुण्याच्या चर्चला बोल लावण्याआधी आपल्या अंगणातही पाहू. बदलीवर आलेले बँकेतले कुटुंब, दवाखान्यात काम करणाऱ्या केरळच्या नर्स भगिनी आपल्याच मिस्सेला येतात. मिस्सेनंतर आपण आपल्यातच मराठीत बोलत उभे राहतो आणि त्या हळूच फाटकाबाहेर पडतात. मुंबईत १९८०च्या दशकापासून लहान ख्रिस्ती समूह सुरू झाले. एका इमारतीतले, एका गल्लीतले गोवेकर, मंगळुरी, ईस्ट इंडियन, तमिळ आळीपाळीने एकमेकांच्या घरी बसून शुभवर्तमान वाचतात, आजाऱ्याकडे जातात. भाषेची अडचण त्यांनाही आहेच, पण ते बसतात.

मिस्सेनंतर व्हरांड्यात टेबलावर एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथे राहणाऱ्या आपल्या मुलामुलींचे नाव, राहण्याचा भाग आणि फोन नंबर लिहावा. तिथल्या धर्मगुरूंना मी स्वतः पत्र लिहीन. दुसऱ्या पानावर आपल्या धर्मग्रामात नव्याने आलेल्या, आणि ज्यांच्या घरी आपल्यापैकी अजून कुणी गेलेले नाही, अशा कुटुंबांची नावे हवीत. समोर कोण, कोणत्या दिवशी जाणार तेही लिहावे. पहिले पान आजच भरेल. दुसऱ्यासाठी मी पुढचे दोन रविवार थांबणार आहे.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू