चढ कुणाच्या पायांवर

सायकलला गिअर असणं ही फसवणूक आहे, असं मानणारा माणूस टूर द फ्रान्सचा संस्थापक होता. आंरी देग्रांज त्याचं नाव. 1903 मध्ये त्यानं ही शर्यत सुरू केली आणि पुढची तीसेक वर्षं स्वतःच्या हट्टी नियमांनी चालवली. त्यातला एक नियम असा, की चालत्या सायकलवर गिअर बदलणारा डिरेलर मोठ्या व्यावसायिक स्पर्धकांनी वापरायचा नाही. मग आल्प्स चढायचे कसे? मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना कमी-जास्त दातांची चक्रं असत. घाट आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि निघायचं. माथ्यावर पोचलं की परत तेच. डिरेलरला परवानगी मिळाली 1937 मध्ये, देग्रांज बाजूला झाल्यावर. त्याच्या मते शर्यत स्नायूंची होती, यंत्राची नव्हे.

त्याच काळात सँतेत्येन शहरात पॉल द विव्ही नावाचे एक गृहस्थ नेमकं उलटं सांगत होते. मूळचे रेशमाचे व्यापारी. 1887 मध्ये त्यांनी सायकलवरचं नियतकालिक काढलं आणि ‘वेलोसियो’ या टोपणनावानं आयुष्यभर लिहीत राहिले. सायकलला अनेक गिअर हवेत, म्हणजे साध्या माणसालाही डोंगर बघता येतील, हा त्यांचा ध्यास. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांसाठी त्यांनी काही सूचना लिहून ठेवल्या आहेत. भूक-तहान लागायची वाट न बघता खावं-प्यावं, वगैरे. त्यात एक अशीही आहे की नुसत्या अहंकारापोटी पेडल मारू नये.

मला दोघंही पटतात, आणि अडचण तिथेच आहे.

गेलं वर्षभर मी एका प्रोजेक्टसाठी लिओंमध्ये आहे. मे महिन्यात सुट्ट्या जोडून आल्या, तेव्हा सायकल ट्रेनमध्ये टाकून माकाँला उतरले आणि चार दिवस दक्षिण बर्गंडीत हिंडले. हा मुलूख घाटांचा नाही. ताम्हिणी किंवा वरंधा चढताना एक मोठा शत्रू समोर असतो. तो संपला की संपला. इथे शत्रू दिसतच नाही. हिरवी कुरणं, त्यात पांढऱ्या शारोले गाई, मध्येच द्राक्षमळे, आणि रस्ता गोधडी झटकावी तसा वर-खाली. एकेक चढ जेमतेम तीस-चाळीस मीटर उंचीचा. तो संपतो, उतार लागतो, तळाशी ओढ्यावरचा पूल ओलांडला की पुन्हा चढ. संध्याकाळी मोबाइल सांगतो की तुम्ही आख्खा सिंहगड चढलात. माथ्यावरची कांदाभजी तेवढी राहून गेली.

मला वाटायचं, जेवढं चढलो तेवढं उतरतो, म्हणजे हिशोब बरोबरीत सुटत असणार. सुटत नाही. समजा सपाटीला तुम्ही ताशी 20 किलोमीटरनं जाता, म्हणजे दहा किलोमीटरला अर्धा तास. आता त्याच दहामधले पहिले पाच चढाचे आहेत आणि तिथे वेग 10 वर आला. पाच किलोमीटरलाच अर्धा तास गेला! सरासरी टिकवायची तर उरलेला उतार शून्य मिनिटांत उतरायला हवा. उतारावर वेग वाढवावा, तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चढानं घेतलेलं उतार कधीच पुरतं परत करत नाही. कॉलेजात हे गणित मी सोडवलं होतं, मार्कही मिळाले होते, पण ते मांड्यांना कळायला बर्गंडी लागली.

तिसऱ्या दिवशी कोर्माताँहून शापेझमार्गे तूर्न्यूला निघाले. शापेझला अकराव्या शतकातलं एक चर्च आहे, गावाच्या मानानं फारच उंच मनोऱ्याचं. तिथून पुढे ब्राँसियाँची चढण. कड्यावर जुना किल्ला, दगडी घरं, आणि खाली मी, सर्वात हलक्या गिअरवर, धापा टाकत. तेवढ्यात मागून घंटी वाजली. सत्तरीचं एक जोडपं, ताठ बसलेलं, गप्पा मारत, मला ‘बोंजूर’ म्हणत पुढे निघून गेलं. इलेक्ट्रिक सायकली.

माझ्या पुण्याच्या सायकल ग्रुपवर याला एकच शब्द आहे: चीटिंग. आता खरं तर इथल्या नियमानुसार ती मोटर तुम्ही पेडल मारलंत तरच मदत करते आणि ताशी 25 ला बंद पडते. पण ग्रुपवर हे सांगून उपयोग नाही. तिथे देग्रांज अजून जिवंत आहेत, फक्त त्यांच्या स्वतःच्या सायकलींना बावीस-बावीस गिअर आहेत. प्रत्येकाला आपल्या गिअरपर्यंतची सोय न्याय्य वाटते आणि त्यापुढची फसवणूक.

वर पोचले तर ते दोघं बाकावर बसून चेरी खात होते. त्यांनी मलाही ओंजळभर दिल्या. माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये मी मोटरचा विषय काढला. आजीबाईंनी गुडघा दाखवला. दोन वर्षांपूर्वी बदललेला. मोटर नसती तर मी गाडीतून आले असते, म्हणाल्या, आणि गाडीतून या गाईंचा वास येत नाही.

याला देग्रांजकडे काय उत्तर असेल, मला सुचत नाही. पण म्हणून त्याचं सगळंच चूक ठरत नाही. त्या चढावर धापा टाकताना मला जे मिळालं, ते मोटर लावून मिळालं नसतं. आपलं शरीर कुठवर जातं याची अगदी खासगी खबर असते ती. तिचं मोल खरं आहे. गडबड तेव्हा होते, जेव्हा आपण ती मोजपट्टी करून दुसऱ्याच्या गुडघ्याला लावतो.

आणि कष्टाचं कौतुक बहुतेकदा तोच करतो ज्याला ते टाळता येतात. आमचे आजोबा सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात होते. रोज जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर सायकल, डब्यासकट, पावसासकट. बोनसच्या पैशांतून त्यांनी लूना घेतली, तो दिवस आमच्या घरात सणासारखा सांगितला जातो. आजोबांनी सायकलमधलं काव्य वगैरे शोधलं नाही, ती माळ्यावर टाकली. मी बर्गंडीतले फोटो पाठवले, तेव्हा आजीचा पहिला प्रश्न होता, “एकटीच? आणि ऑफिसनं गाडी नाही का गं दिली?”

मी तिला हसले नाही, कारण प्रश्न रास्त होता.

माझं कामच मुळात चढ सपाट करण्याचं आहे. मी ॲपमधले पेमेंटचे स्क्रीन लिहिते. आमच्याकडे वापरणाऱ्याच्या त्रासाला ‘फ्रिक्शन’ म्हणतात आणि ते कमी केलं की टीम टाळ्या वाजवते. मीही वाजवते. पण लिओंमध्ये मी क्रूआ-रूसच्या टेकडीवर राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पावसात जेवण मागवलं की कुणीतरी पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन ती टेकडी सायकलनं चढतो, मग जिनेही. मी दोन टॅपमध्ये ऑर्डर दिलेली असते. चढ कुठे गेला नाही, माझ्या पायांवरून त्याच्या पायांवर गेला. त्यालाही टेकडीवरून शहर दिसतंच, पण त्याच्या हातात घड्याळ असतं.

म्हणून मोटर की बिनमोटर, गिअर की बिनगिअर, या वादात मला हल्ली रस कमी वाटतो. त्या आजीबाईंच्या वाट्याचा चढ बॅटरीनं उचलला. बाजूला कुणी माणूस धापा टाकत नव्हता. (बॅटरीचा धातू खाणीतून येतो, हे मला माहीत आहे. हिशोब तिथेही पूर्ण मिटत नाही.) माझ्या जेवणाचं तसं म्हणता येत नाही. दोन्हीला आपण ‘सोय’ हा एकच शब्द वापरतो.

या सहलीतला सर्वात सोपा रस्ता मला पहिल्याच दिवशी लागला होता. माकाँ ते क्लुनी हा जुना रेल्वेमार्ग. रूळ काढून तिथे आता सायकलींचा रस्ता केलाय. इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे हे रस्ते अंगच्या चढउतारांना न जुमानता जवळजवळ सपाट जातात. वाटेत ब्वा क्लेरचा डोंगर येतो. त्याच्या पोटातून सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा आहे. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात, तेव्हा मात्र सगळ्यांना खिंडीतून वर जावं लागतं. मेमध्ये उघडा होता. आत मंद दिवे, भर दुपारी हुडहुडी भरेल असा गारवा, आणि सायकल आपोआप पळत असल्यासारखी. पाच-सहा मिनिटांत पलीकडे.

तो एकोणिसाव्या शतकात खणला गेला, सुरुंग आणि हातांनी. खणणाऱ्यांची नावं मला तरी कुठे दिसली नाहीत. खंडाळ्याला गाडी बोगद्यात शिरते तेव्हा आपण मोबाइलची रेंज गेली म्हणून वैतागतो. 1863 मध्ये सुरू झालेली ती बोरघाटाची लाइन बांधताना हजारो मजूर मेले. त्यांचं ऋण फेडायला मी खिंडीतून वर गेले असते, तर त्यांना काय मिळालं असतं? काहीच नाही. मी जाकीट चढवलं आणि बोगद्यातून गेले. आज रात्री टेकडीवर येणाऱ्या पोराला मात्र अजून काहीतरी मिळू शकतं: पावसात वाढीव पैसे, उशिराबद्दल न कापलेलं रेटिंग, जिन्याखाली जाऊन घेतलेली पिशवी. हे तिन्ही कुणीतरी स्क्रीनवर लिहावं लागतं, आणि आमच्या टीममध्ये त्यातल्या पहिल्या गोष्टीवरून सध्या भांडण चालू आहे. मी ते लावून धरलंय. प्रॉडक्टवाल्यांच्या भाषेत मी फ्रिक्शन वाढवतेय.

रविवारी हे सगळं मी आजीला फोनवर सांगितलं. बोगदा, वटवाघळं, चेरी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते राहू दे. त्या बाईंचा गुडघा बदलल्यावर मांडी घालून बसता येतं का, तेवढं विचारायचं होतंस.”