बिनपगारी मास्तर

वयाच्या बहात्तराव्या वर्षी मला गणिताच्या मास्तराची नोकरी लागली. बिनपगारी. मुलाखत झाली नाही हे एका परीनं बरंच झालं, कारण १९७० साली अकरावी मॅट्रिकला मला गणितात बरोबर पस्तीस मार्क होते, आणि त्यांतला शेवटचा परीक्षकानं घरी काहीतरी मंगलकार्य असल्यामुळे दिला असावा, असं आमचे वडील चारचौघांत सांगत.

विद्यार्थी एकच. माझा नातू. त्याचं पाळण्यातलं नाव इतकं संस्कृत आहे की रेशनकार्डावर ते दोनदा चुकलं, तेव्हा आपण त्याला बंडू म्हणू. वर्ग भरतो बोरिवली पश्चिमेला, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. प्रात्यक्षिकं असली की बाभईच्या भाजीबाजारात.

झालं असं, की मागच्या वर्षी एका रविवारी चिरंजीव आणि सूनबाई दोघेही माझ्यासमोर येऊन बसले. ही दोघं एकदम समोर आली की मला धडकी भरते. मागच्या वेळी असे बसले होते तेव्हा माझा धोतर वाळत घालायचा गज गेला आणि तिथं सरकत्या काचा आल्या.

"बाबा, बंडूला आम्ही शाळेतून काढतोय."

"का? काय केलं त्यानं?" आमच्या काळी शाळेतून काढायचं म्हणजे मुलानं हेडमास्तरांच्या खुर्चीवर निदान खाजकुइली तरी टाकलेली असायची.

"त्यानं काही नाही केलं. आम्हीच काढतोय. घरी शिकेल तो."

मी वाद घालणार होतो. पण घातला नाही, कारण रोज सकाळी साडेसहाला खाली शाळेच्या बसचा हॉर्न वाजला की बंडूच्या पोटात दुखायचं, हे मी वर्षभर पाहिलं होतं. आधी आम्हाला वाटलं, सोंग. मग तो ओकायला लागला. सोंग इतकं मनापासून कोणी करत नाही. त्याच्या डायरीत बाईंचे लाल शेरे असत, आणि ते वाचून सूनबाई रात्री गॅलरीत एकटीच उभी राहायची. तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं, "पण कायद्यात बसतं का?"

बसतं आणि नाही बसत. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे आईबापांचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलंय. नाही घातलं तर आईबापांना शिक्षा काय, हे मात्र लिहिलेलं नाही. आयुष्यभर सरकारी खात्यात कारकुनी केल्यामुळे अशा वाक्यांच्या मधल्या फटी मला चटकन दिसतात. पुढे चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येतं. थोडक्यात, बंडूची सोय झाली आणि माझी सुटका संपली.

सूनबाईनं कामं वाटून दिली. भाषा तिच्याकडे, विज्ञान चिरंजिवांकडे (रात्री साडेनऊनंतर, लोकल वेळेवर आली तर), स्वयंपाकघर हिच्याकडे आणि गणित माझ्याकडे. पाव किलो गवार, सव्वाशे ग्रॅम आलं, पन्नासातून बत्तीस गेले. नॅशनल पार्कमधून चढून कान्हेरीची लेणीही केली. शंभरावर लेणी, आणि पावसाचं पाणी साठवायला कातळात खोदलेल्या पोढी. बंडूनं पहिल्या सतरा पोढी मोजल्या आणि मग माकडं मोजायला लागला. माझ्याही ते पथ्यावर पडलं, कारण माकडांच्या संख्येवर कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

गंमत होती, नाही कशाला म्हणू? बंडूचं पोट दुखायचं थांबलं. पण हळूहळू घरात अशी एकही गोष्ट उरली नाही जिच्यातून काही शिकायला मिळत नाही. पूर्वी मूल भेळ खायचं. आता भेळेत तीन अष्टमांश कुरमुरे असतात. पतंग कटला तर तो नुसता कटत नाही, वाऱ्याची दिशा समजावून कटतो. एकदा तो खिडकीशी नुसताच बसला होता, तर मी लगेच विचारलं, "समोरच्या इमारतीला खिडक्या किती रे?" ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, त्याला जरा बसू द्या की! आयुष्यात तुम्ही दुसरं काय केलंत?"

सूनबाईनं मला प्रशिक्षण म्हणून गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' आणि अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' अशी दोन पुस्तकं दिली होती. दुपारी झोप येईपर्यंत वाचायची म्हणून घेतली आणि झोपच गेली. कोसबाड काही लांब नाही. बोरिवलीहून डहाणूची गाडी धरायची, डहाणूला उतरायचं, चिकूच्या वाड्यांतून वर जायचं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई तेव्हाच त्यांना मिळाल्या, आणि १९५७ मध्ये सगळा पसारा कोसबाडच्या टेकडीवर गेला. वारल्यांची पोरं शाळेत येईनात. मग या बायकांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडी. थोडी मोठी पोरं गुरं राखायला जात, तर शाळा कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत आणि पोरं शिकतायत.

वर्गाबाहेरचं शिक्षण म्हणतात ते हेच की. पण वाचता वाचता मला जरा अवघडल्यासारखं झालं. तिथं शाळा कुरणात गेली, कारण पोराला गुरं सोडता येत नव्हती. आमच्याकडे शाळा बाल्कनीत आली, कारण आम्हाला शाळा सोडता येत होती.

तरी मी शेजारच्या काकांपुढे माघार घेत नव्हतो. ते म्हणाले, "शाळेशिवाय कोणी मोठं झालंय का?" तर मी यादीच म्हटली. पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या? गंगामूळच्या रानात आईकडून संस्कृत शिकल्या. रमाबाई रानड्यांना माधवरावांनी घरी शिकवलं. आनंदीबाई जोशांना गोपाळरावांनी शिकवलं आणि १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. काका गप्प झाले. घरी आल्यावर मीही गप्प झालो. या बायकांना घरी शिकावं लागलं, कारण शाळेची वाट त्यांच्यासाठी जवळजवळ नव्हतीच. सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींसाठी ते दार उघडलं तर लोकांनी त्यांच्या अंगावर शेण फेकलं. आणि आनंदीबाईंना अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमल्या म्हणून गोपाळरावांचा मार बसे, असं चरित्रांत येतं. शाळेतला मास्तर कितीही मारकुटा असला तरी संध्याकाळी तो स्वतःच्या घरी जातो. घरातला मास्तर जेवायला समोर बसतो. त्याला चुकवून मुलानं जायचं कुठं?

माझी शाळा घरापासून अर्ध्या मैलावर होती. शाळेत मी मास्तरांचा आणि घरी वडिलांचा. पण मधल्या अर्ध्या मैलात मी कोणाचाच नव्हतो. तिथं मी गोट्या हरलो, एका मेलेल्या सरड्यावर अंत्यसंस्कार केले, आणि उशीर का झाला याची रोज नवी थाप तयार केली. बंडूला असा अर्धा मैल नाही. त्याच्या थापेलाही आम्ही सर्जनशील लेखन म्हणतो.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आपल्या मुलीला बरोबर आणू लागल्या. पालिकेच्या शाळेत पाचवीत आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती पहिलीच्याही आधीची, आणि पहिली ते सातवीचे वर्ग मुंबईत पुन्हा उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. घरशिक्षणाचा अनुभव तिलाही आहे म्हणा, घरात एकच मोबाइल आणि तो आईबरोबर कामावर. शाळेबद्दल ती फार अभिमानानं बोलते. तिनं दुसऱ्याच दिवशी दिवाणखान्यात उशा मांडून शाळा भरवली. उशा म्हणजे मुलं. हजेरी घेतली. बंडूचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तिनं न चुकता खणखणीत म्हटलं.

"हजर!" बंडू इतक्या जोरात ओरडला की मी पेपर खाली ठेवला.

मग तिनं त्याला बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं केलं. तो आनंदानं उभा राहिला. शेजारच्या उशीशी कुजबुजलादेखील. रात्री माझ्याजवळ झोपायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "आबा, तिच्या शाळेत तिची आई नसते ना?"

हे मी सूनबाईला लगेच सांगायला हवं होतं. आठ दिवस सांगितलं नाही. खरं कारण लिहूनच टाकतो. बंडू शाळेत गेला तर माझी सकाळ परत रिकामी. मास्तरकीच्या आधी मी सकाळी पेपर दोनदा वाचायचो, दुसऱ्यांदा नोकरीच्या जाहिरातींसकट. पोराच्या भल्याचा विचार करतोय असं मला वाटत होतं, तेव्हा त्यातला किती अष्टमांश माझ्या भल्याचा होता, ते गणित मला पस्तीस मार्कांतही येत होतं.

नवव्या दिवशी सांगितलं. सूनबाई बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, दुसरी शाळा बघता येईल. पण तिथंही पोटात दुखायला लागलं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्याकडेही नव्हतं. दोघांनी आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाभईहून परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंडू थांबला. तिथून आमच्या फाटकापर्यंत रस्ता ओलांडावा लागत नाही.

"आबा, इथून मी एकटा जाऊ?"

मी हो म्हटलं, आणि तो वळून बघेल म्हणून कोथिंबीरवाल्याकडे तोंड करून उभा राहिलो. घरी जुडी होती, तरी आणखी एक घेतली. पायानं तीन मिनिटांचं अंतर. बंडू अठरा मिनिटांनी पोचला. गुडघ्याला माती, खिशात काहीतरी फुगलेलं.

"इतका वेळ काय करत होतास?" हिनं विचारलं.

"काही नाही," बंडू म्हणाला.

मी खिशातलं विचारलं नाही.