मिटल्या डोळ्यांपुढचा उजेड

नृसिंहवाडीला पहाटेच्या काकड आरतीला उभं राहिलं की डोळ्यांना पाहायला फार थोडं असतं. बाहेर अंधार असतो, घाटाखाली कृष्णेचं पाणी काळंभोर, आणि ओल्या पायऱ्यांचा गारवा तळव्यांतून वर चढत असतो. पूजा नृसिंह सरस्वतींच्या पादुकांची. त्यामुळे नजर आपोआप खाली जाते आणि ज्योतीवर येऊन थांबते. त्या ज्योतीकडे थोडा वेळ एकटक पाहून डोळे मिटले की पापण्यांच्या आत एक ठिपका उमटतो. आधी पिवळसर, मग निळसर-हिरवा, कडेला जांभळी छटा. त्याला धरायला जावं तर तो बाजूला सरकतो, आणि दोन-चार श्वासांत विरून जातो.

हा ठिपका डोळ्यांच्या पडद्याचा खेळ आहे, हे शाळेतलं विज्ञान शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तरीही माझ्या लहानपणी आरतीनंतर घाटावर बायका एकमेकींना हळूच विचारत, ‘‘काय दिसलं का गं?’’ त्या प्रश्नातली आस मला तेव्हा कळत नव्हती. पुढे कळत गेलं की हा प्रश्न फार जुना आहे, आणि आपल्या मुलखात तो हळूहळू बदलत आला आहे. त्या बदलाचा माग काढावा, असं बरीच वर्षं मनात होतं.

नृसिंहवाडीच्या देवळाला शिखर नाही. त्यामागची कथा इथला प्रत्येक माणूस सांगतो. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती. बादशहानं पादुकांना साकडं घातलं, मुलीला दिसू लागलं. त्यानं आपल्या पद्धतीनं, म्हणजे शिखराविना, देऊळ बांधून दिलं, औरवाड आणि गौरवाड ही गावं इनाम दिली. कथेचा इतिहास किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. मला तिच्यात एक गोष्ट जवळची वाटते: नृसिंह सरस्वतींनी बारा वर्षं ज्या औदुंबराखाली काढली, त्या जागेची लोकांनी जपलेली सर्वांत लाडकी आठवण डोळ्यांची आहे. मात्र त्या मुलीला दृष्टी आल्यावर तिनं काय पाहिलं, हे कथा सांगत नाही.

आतल्या उजेडाचा विचार आपल्याकडे एका प्रश्नोत्तरातून सुरू होतो. बृहदारण्यक उपनिषदात जनक राजा याज्ञवल्क्याला विचारतो, माणूस कोणत्या उजेडानं वावरतो? सूर्याच्या, असं उत्तर येतं. सूर्य मावळल्यावर? चंद्राच्या. चंद्रही मावळल्यावर? अग्नीच्या. अग्नी विझल्यावर? वाणीच्या, अंधारात हाक ऐकून माणूस तिकडे जातोच. आणि वाणीही थांबली तर? तेव्हा आत्मा हाच उजेड. हा संवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पावसाळ्यातल्या एका रात्री वीज गेलेली होती आणि पुस्तक कंदिलाजवळ धरलं होतं. एकेक दिवा विझवत नेणारी ती मांडणी इतकी साधी आहे की तिला टीकेची गरज वाटत नाही. इथला उजेड डोळ्यांना दिसणारा नाही, ज्याच्यामुळे दिसतं तो आहे.

पण साधना करणाऱ्यांना दिसूही लागलं. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात ध्यानात येणाऱ्या रूपांची यादीच आहे: धुकं, धूर, सूर्य, वारा, अग्नी, काजवे, वीज, स्फटिक, चंद्र. ज्यानं ही यादी केली त्यानं स्वतः बसून पाहिलं असलं पाहिजे. काजवे कल्पनेनं सुचत नाहीत. आणि त्यानं एक बारकावा सोडलेला नाही. ही रूपं ब्रह्म प्रकट होण्याच्या आधीची आहेत, असं तो म्हणतो. मुक्काम जवळ आल्याच्या या खुणा झाल्या.

मधल्या शतकांत या खुणांना रीती मिळाल्या. पतंजलीच्या सूत्रांत ‘ज्योतिष्मती’, म्हणजे प्रकाशमय, हा शब्द येतो. अद्वयतारक आणि मंडलब्राह्मण ही उपनिषदं बाहेरचं, मधलं आणि आतलं अशी तीन लक्ष्यं सांगतात. हठप्रदीपिकेत त्राटक, म्हणजे एकटक पाहणं, षट्कर्मांमध्ये येतं, म्हणजे शरीरशुद्धीच्या क्रियांत, धौती-नेतीच्या पंगतीला. हे मला महत्त्वाचं वाटतं. आज त्राटकाकडे सिद्धीचं साधन म्हणून पाहिलं जातं. जुन्या हठयोग्यांनी त्याला डोळे आणि मन धुऊन काढण्याची जागा दिली होती.

मराठीत हा विचार आला तो नाथांच्या वाटेनं. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे, आणि तिथून शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात. गीतेतला मूळ श्लोक आसन घालून मन स्थिर करा एवढंच सांगतो. ज्ञानदेव तिथं थांबून कुंडलिनीचं अख्खं चित्र काढतात. वीज, ज्वाळा, तावून काढलेलं सोनं, असे एकामागून एक उजेडाचे दाखले येतात आणि सारा देहच तेजाचा होऊन जातो. नेवाशाच्या श्रोत्यांसमोर, बोलीच्या शब्दांत, हे गुह्य उघडं झालं. पण त्याच ज्ञानदेवांनी पुढे अमृतानुभवात पाहणारा आणि पाहिलं जाणारं यांतली रेघच पुसून टाकली. उजेड दिसतो आहे असं म्हणायला दोघं लागतात. दोघं उरलेच नाहीत तर कोण कोणाला पाहणार?

रामदास याहून रोखठोक. दासबोधात ते पंचभूतांचा हिशेब मांडतात. तेज हे पाचांतलं एक भूत, आणि जे भूत ते लयाला जाणार. मग ध्यानात जे तेज दिसलं त्याला देव कसं म्हणायचं? दिसतं तेवढं नासतं, हा त्यांचा धागा ग्रंथभर सुटत नाही. रामदासांचा हा कठोरपणा मला तरुणपणी कोरडा वाटे. आता वाटतो तो मायेचा. चमकणाऱ्या गोष्टीच्या मागे धावून माणूस किती थकतो, हे त्यांनी पाहिलं असणार.

ते थकणं मीही अनुभवलं आहे. विशीत असताना घरातल्या समईपुढे रोज पहाटे बसत होतो. हातभर अंतर, ज्योत डोळ्यांच्या रेषेत, खोलीत वारा नाही. काही आठवड्यांनी एका पहाटे, डोळे मिटलेले असताना, कपाळाच्या मागे पांढरा, शांत उजेड पसरला. त्याला कड नव्हती, तो हलत नव्हता, आणि त्यात ज्योतीचा ठिपका नव्हता. किती वेळ ते सांगता येणार नाही. उठलो तेव्हा अंगणातल्या जास्वंदीचं पान न् पान वेगळं दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी ध्यानाला बसायचा थांबलो आणि उजेडाची वाट पाहत बसू लागलो. तो आला नाही. महिनाभरात समईपुढे बसणंच नकोसं झालं. पुढे वाडीलाच भेटलेल्या, गुळवणी महाराजांच्या परंपरेतल्या एका वृद्ध साधकांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘दिसलं तर दिसू द्या, नाही दिसलं तर नाही. तुम्ही हजर होतात ना?’’

वामनराव गुळवणी महाराज कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुडुत्रीचे, जन्म १८८६ चा. ते वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामींचे शिष्य आणि शक्तिपात दीक्षेचे आचार्य, हे अनेकांना ठाऊक असतं. पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात ते चित्रकला शिकवत, हे मात्र कमी लोकांच्या ध्यानात राहतं. मला त्यांची ही ओळख सारखी आठवते. चित्रकलेचा शिक्षक मुलांना पहिल्यांदा काय शिकवतो? डोळ्यांपुढे तांब्या ठेवतो आणि सांगतो, तुला तांब्या कसा असतो ते माहीत आहे, ते विसर, आणि आता समोर कसा दिसतो आहे ते काढ. शक्तिपाताच्या वाटेवर साधकाला आपोआप क्रिया होतात, रंग दिसतात, प्रकाश दिसतो. त्यांतलं काही ओढून आणायचं नाही, आलेलं ढकलायचं नाही, साक्षी राहायचं. कागदासमोरची शिस्त आणि आसनावरची शिस्त एकाच माणसात नांदत होती.

त्याच १८८६ साली जमखंडीला रामचंद्र दत्तात्रेय रानडे जन्मले, आणि १८८८ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सिद्धरामेश्वर महाराज. दोघांचे गुरू एकच: जत तालुक्यातल्या उमदीचे भाऊसाहेब महाराज, निंबर्गी संप्रदायाचे. वाडीपासून पूर्वेला कोरड्या मुलखात जावं तिथं उमदी. नामस्मरणाला तासन् तास बसायचं, ही तिथली रीत. या एका गुरूच्या दोन शिष्यांत आतल्या उजेडाच्या विचाराला दोन फाटे फुटले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत विलक्षण वळण आहे.

गुरुदेव रानडे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीक तत्त्ववेत्ते आणि उपनिषदं दोन्ही त्यांना मुखोद्गत. महाराष्ट्रातल्या संतांच्या अनुभवांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये आला. त्यांनी असं केलं की संतांच्या रचनांतले रंग, रूपं, प्रकाश आणि नाद यांचे उल्लेख पुरावा म्हणून गोळा केले. ज्ञानदेवांना निळा रंग दिसला, तुकोबांनी काय पाहिलं, दुसऱ्या प्रांतातला, दुसऱ्या धर्मातला साधक काय सांगतो, हे शेजारी शेजारी मांडलं. एकमेकांना न भेटलेली माणसं सारखंच सांगत असतील तर त्या सांगण्याला तत्त्वज्ञानानं गंभीरपणे घेतलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. कवितेतलं अलंकार म्हणून सोडून दिलेलं त्यांनी अनुभव म्हणून वाचलं. पण नुसत्या अनुभवावर त्यांनी शिक्का मारला नाही. बुद्धी, भावना, आचरण यांत माणूस कसा आहे, हे ते कसोटीला लावत.

सिद्धरामेश्वरांनी उलट दिशा धरली. मुंगीसारखं एकेक पाऊल चढत फळापर्यंत जायचं तो पिपीलिका मार्ग, आणि पाखरासारखं थेट झेपावायचं तो विहंगम मार्ग. दीर्घ ध्यान पहिल्या वाटेचं. त्यांनी विचाराची दुसरी वाट शिकवली. प्रकाश दिसला? मग तो कुणाला दिसला, ते शोध. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईत खेतवाडीत बिड्यांचं दुकान चालवत आणि माडीवर देशोदेशींच्या माणसांशी बोलत. कुणी मोठ्या अनुभवाचं वर्णन करू लागलं की ते त्याला पाहणाऱ्याकडे वळवत. जनकाचा प्रश्न पंचवीसएक शतकांनी मुंबईच्या गल्लीत येऊन पोचला होता.

आणि याच पिढीत विदर्भात गुलाबराव महाराज होऊन गेले, १८८१ ते १९१५. नवव्या महिन्यात दृष्टी गेली. त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. दिवा ज्यानं आठवणीतही पाहिलेला नाही असा माणूस शास्त्रांवर शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवतो, तेव्हा प्रकाश या शब्दाचा अर्थ डोळ्यांपाशी थांबत नाही, एवढं मान्य करावं लागतं.

विज्ञानानं या उजेडाकडे पाठ फिरवली, अशी आपल्याकडे तक्रार असते. ती खरी नाही. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं १८१९ मध्येच मिटल्या डोळ्यांपुढे दिसणाऱ्या आकृत्या बारकाईनं नोंदवल्या. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ध्यानात दिसणाऱ्या प्रकाशावर शोधनिबंध लिहिला. बाहेरून येणारे संवेद कमी झाले की मेंदूतली दृष्टीची केंद्रं आपोआप जागी होतात, आणि ध्यानातलं प्रकाशदर्शन त्याच्याशी जुळतं, असं त्यांनी सुचवलं. मला यात काही हरवल्यासारखं वाटत नाही. बौद्धांच्या विशुद्धिमार्गात पाचव्या शतकातच ‘ओभास’, म्हणजे प्रकाश, विपश्यनेच्या दहा उपक्लेशांत पहिला मोजला आहे. साधक त्यालाच पोचल्याची खूण समजून अडकतो म्हणून. प्रकाश मेंदूतून आला की आणखी कुठून, एवढं ठरवून ते अडकणं सुटत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो, कारण तिच्यानं खरंच नुकसान होतं. सूर्यावर त्राटक करू नये. उगवत्या सूर्याचं निमित्त करून माणसं पाहत राहतात आणि डोळ्यांच्या पडद्याला कायमची इजा होते. आणि उघड्या-मिटल्या डोळ्यांपुढे अचानक विजेसारख्या रेषा चमकू लागल्या, काळे ठिपके वाढले, तर ती कृपा समजून घरी बसू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.

हे मी आमच्या आज्जीमुळे शिकलो. ती कुरुंदवाडची. दिवेलागणीला समईपुढे बसे ती अर्धा तास हलत नसे. सत्तरी ओलांडल्यावर सांगू लागली, ज्योतीभोवती कडं दिसतंय, इंद्रधनुष्यासारखं. वर्षभर ती त्या कड्याबद्दल फक्त मलाच सांगत होती, आवाज खाली आणून. मीही ते ऐकून भारावत होतो. मग तिला तांदूळ निवडता येईनासे झाले, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता.

शस्त्रक्रियेनंतर कडं गेलं. दोन दिवस ती कुणाशी फारसं बोलली नाही. मला अपराध्यासारखं वाटत होतं, जणू आम्ही तिच्यापासून काही हिरावून घेतलं. त्या वर्षी पाऊस मोठा होता. वाडीला दक्षिणद्वार झाल्याचा निरोप आला: पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं वाहू लागलं होतं. उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली होती. आज्जीनं हट्ट धरला, मला ने. डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून तिला स्नान करू दिलं नाही. पायरीवर उभी राहून ती त्या गढूळ, वेगानं जाणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिली. खाली पादुका होत्या. दिसत काहीच नव्हतं. तिनं हात जोडले आणि नजर जिथं एरवी ठरायची, नेमकी तिथंच ठेवली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं समई घासली, वात वळली, लावली, आणि नेहमीच्या जागी बसली. मी मागे बसून होतो. अर्ध्या तासानं ती वळली तेव्हा मी विचारलं, ‘‘आज्जी, आता काय दिसतं?’’

‘‘दिवा दिसतोय की स्वच्छ.’’

‘‘आणि डोळे मिटल्यावर?’’

तिनं वातीची काजळी झाडली, तेलाचा हात पदराला पुसला. ‘‘ते सांगायचं नसतंय, बाळ,’’ ती म्हणाली आणि पुन्हा ज्योतीकडे तोंड करून बसली.