पोढीचे पुण्य

लष्करी ठाणे म्हणून शिवनेरीचा विचार होतो तेव्हा लक्ष साहजिकच सात दरवाजे, अंबरखाना आणि 19 फेब्रुवारी 1630 रोजी तेथे झालेला शिवाजी महाराजांचा जन्म यांकडे जाते. परंतु याच डोंगराच्या कड्यांत त्यापूर्वी कित्येक शतके बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदली गेली होती, आणि पुढे गड उभा राहिला तेव्हा डोंगराबरोबर तीही शस्त्रधाऱ्यांच्या ताब्यात आली. उंची, बारमाही पाणी आणि वस्तीपासूनचे अंतर या तिन्ही गोष्टी ध्यानाला जितक्या उपयोगी तितक्याच पहाऱ्याला, त्यामुळे हा योगायोग नव्हे. अहिंसेच्या व्रतासाठी दिलेली वस्तू युद्धाच्या कामी आली, तर मूळ दानाच्या पुण्याचे काय होते, असा प्रश्न मात्र त्यातून उभा राहतो.

शिवनेरीसह जुन्नर परिसरातील लेण्यांमधील कोरीव लेखांमुळे हा प्रश्न केवळ काल्पनिक राहत नाही. गत कुळातल्या इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या किंवा तसे म्हणवणाऱ्या माणसाने, दोन पोढी दिल्याचे एक लेख सांगतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. जुन्नरच्याच मानमोडी डोंगरावर क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने 46 व्या वर्षी पोढी व मंडप दिल्याची नोंद आहे. दाते व्यापारी, कारागीर, अधिकारी असे नाना प्रकारचे होते, आणि नाणेघाटातून कोकणात उतरणारा व्यापारी मार्ग जवळ असल्यामुळेच भिक्षूंचा हा एकांत परवडत होता. लष्करी ठाण्याच्या एकांतालाही रसद लागतेच, फक्त तिला दान म्हणत नाहीत.

अशा दानाविषयी बौद्ध पंथांत जुना वाद आहे. अभिधम्म पिटकातील ‘कथावत्थु’ या खंडनमंडनाच्या ग्रंथात परिभोगमय पुण्याची चर्चा येते. दिलेल्या वस्तूचा उपभोग घेतला जाईल तसतसे दात्याचे पुण्य वाढते, हा तो पक्ष. अट्ठकथा, म्हणजे पारंपरिक टीका, हे मत राजगिरिक, सिद्धत्थिक आणि सम्मितीय यांचे असल्याचे सांगते, आणि त्यांचा आधार वृक्षारोपण, पूल, पाणपोई, विहीर यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते या सुत्तवचनाचा आहे. थेरवाद्यांनी ते नाकारले: पुण्य देताना असलेल्या चेतनेत, म्हणजे जाणीवपूर्वक संकल्पात असते, नंतर पाणी कोण पितो यावर ते अवलंबून नसते. जुन्नरच्या एका लेखात धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्षुणींच्या विहाराचा उल्लेख आहे, आणि परंपरेने हा पंथ सम्मितीयांप्रमाणेच वात्सीपुत्रीयांची शाखा मानला जातो, तेव्हा हा वाद येथे परका नसावा.

उपभोगवाद्यांची भूमिका पहिल्या नजरेला उदार वाटते, पण ती पुरती ताणली तर शिवनेरीवरच्या शिबंदीने प्यालेल्या प्रत्येक ओंजळीचा हिशेब इरिलासारख्या दात्यांच्या खात्यावर चढतो, मग तो पुण्याचा असो वा पापाचा. अनोळखी भविष्याला दाता असा बांधला जाणे न्यायाला धरून नाही. दात्यापुरता चेतनेचाच पक्ष खरा ठरतो. घेणाऱ्याला मात्र ही सवलत देता येत नाही, कारण आपला हेतू संरक्षणाचा होता एवढे सांगून तो मोकळा झाला, तर ताब्यात घेतल्याने कोणाचे काय गेले हे विचारण्याची जागाच उरत नाही.

शिवनेरीच्या बाबतीत हे विचारले तर उत्तर सौम्य येते, कारण किल्ला घडण्यापूर्वीच भिक्षुसंघ तेथून गेलेला होता, आणि गडावरील शिवाई देवीचे ठाणेही लेण्यातच आहे. हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया या बेटाचे उत्तर तसे नाही. 1965 मध्ये ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला, 1966 मध्ये अमेरिकेशी करार केला, आणि 1968 ते 1973 या काळात नारळाच्या बागांवर राबणारी तेथील वस्ती हलवून धावपट्टीचा लष्करी तळ उभारला; मागे चर्च आणि कबरी राहिल्या. शिवनेरी रिकामा सापडला होता, हे बेट रिकामे केले गेले. 2006 मध्ये सुमारे शंभर विस्थापितांना पूर्वजांच्या कबरींची निगा राखण्यासाठी द्वीपसमूहावर जाऊ दिले गेले, परंतु मुक्काम करण्याची परवानगी त्यात नव्हती.