टाकीवरचं झाकण

लातूर

चि. भाच्यास,

फोटो पाहिले. किनवटला जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये तू एवढं विमान उभं केलंस, त्याचा फार अभिमान वाटतो. दोन्ही पंखांना कापड चढलं आहे, पेट्रोलच्या टाक्या आत बंद झाल्या आहेत, डोपचे, म्हणजे कापड घट्ट करणाऱ्या लेपाचे, हात अजून द्यायचे आहेत. अशा वेळी टाकीवर काढता येणारं झाकण करावं का, असं तू विचारतोस. कर. नक्की कर. उशीर झालेला नाही. पण कात्री हातात घेण्याआधी हे पत्र पूर्ण वाच.

एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये मी पाहिलेलं सांगतो. टाकीच्या तळाचं वेल्डिंग नखाएवढं उकललं होतं. दुरुस्ती तासाभराची, पण टाकी बाहेर काढायला अर्ध्या पंखाचं कापड फाडावं लागलं. मग नवीन कापड, शिवण, पट्ट्या, डोप, रंग. आणि हे टाळण्यासाठी आधी कित्येक दिवस लोक पेट्रोलच्या वासाकडे दुर्लक्ष करत राहिले, ते मला जास्त भयंकर वाटलं. जिथे हात पोचायला त्रास पडतो तिथली तपासणी माणूस पुढे ढकलतो. झाकण हवं ते यासाठी.

जुन्या लोकांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला. टायगर मॉथची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध उघडीच असते, तिला कापड लागतच नाही. पायपरच्या सुपर कबमध्ये टाकीवर स्क्रूंनी बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. तुला करायचं आहे ते याच जातीचं. आपल्याकडे डॉ. वि. मा. घाटगे यांनी हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये घडवलेलं पुष्पक 1958 साली उडालं, तेही कापडी आवरणाचं. त्या विमानांवर अनेक फ्लाइंग क्लबांत पोरं उडायला शिकली. तेव्हा कापडाचं विमान म्हणजे कच्चं काम, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

आता मुख्य गोष्ट. टाकीच्या खणावरचं कापड कापलंस की दोन्ही बाजूंच्या रिबांवर, म्हणजे पंखाच्या फासळ्यांवर, काय होईल ते आधी समजून घे. पॉलिएस्टरचं कापड तू इस्त्रीने आधी 120 आणि शेवटी 175 अंशांच्या आसपास आवळलं आहेस. आज प्रत्येक रिबला दोन्ही बाजूंनी सारखी ओढ आहे, म्हणून ती सरळ उभी आहे. मधला खण मोकळा झाला की कडेच्या रिबला एकाच बाजूने ओढ बसेल. बाजेचा एक गात कच्चा असला तर नवार आवळताना तो आत वाकतो, तशी ती रिब वाकेल. धडालगतच्या मुळाच्या रिबकडे बघ: ती इतरांपेक्षा दणकट का केली आहे? कापड तिथे संपतं म्हणून. तू कापड आणखी दोन ठिकाणी संपवणार आहेस, तर त्या दोन्ही रिबा तेवढ्याच दणकट व्हायला हव्यात. दोन्हींच्या मध्ये आडवे टेकू दे, टाकीला न शिवता. पुढच्या आणि मागच्या स्पारलगत, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळयांलगत, कडेची चौकट बसव. कापड त्या चौकटीवर निदान एक इंच रुंद चिकटव, डिंक पूर्ण वाळू दे, आणि मगच आतलं कापड काप. हा क्रम उलटा करू नकोस. स्पारला मात्र एकही भोक पाडायचं नाही, विमानाच्या डिझायनरने लेखी परवानगी दिल्याशिवाय.

दुसरी ओढ वरची. लोकांना वाटतं झाकणावर वारा दाबतो. पंखाच्या वरच्या बाजूला तो झाकण उपसतो. हिशेब मांडून बघ. विमान भरून 600 किलो, पंखाचं क्षेत्रफळ 15 चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला 40 किलो. 3.8 पट भार धरला की 152. त्यातला साधारण दोन तृतीयांश वरच्या बाजूचा, म्हणजे 100. तुझं झाकण अर्ध्या चौरस मीटरचं, तर सरासरी 50 किलो. पण टाकी पंखाच्या पुढच्या भागात आहे आणि तिथलं खेचणं सरासरीहून बरंच जास्त असतं, दुप्पट धर. त्यावर दीडपट सुरक्षितता. झाले 150 किलो. म्हणून आधी लाकडावर तशीच चौकट कर, झाकण तेवढ्याच स्क्रूंनी बसव, चौकट पालथी टांग आणि झाकणाच्या आतल्या अंगावर 50 किलोची वाळूची तीन पोती सारखी पसरून ठेव. पत्रा फुगला, स्क्रूपाशी ओढला गेला, तर ते शेडमध्येच कळेल.

पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पुरतो, पण आतून उभ्या पट्ट्या रिव्हेट कर, नाहीतर तो ढोलासारखा थरथरेल. एवढ्या पातळ पत्र्यात स्क्रूसाठी उतरती भोकं कोरू नकोस, धार कापली जाते; ठोकून खळगी कर किंवा चपट्या डोक्याचे स्क्रू नायलॉनच्या वॉशरवर बसव. खाली नटप्लेट, म्हणजे पक्का बसवलेला नट, हवीच. दोन स्क्रूंमध्ये चार बोटांहून जास्त अंतर नको, पुढच्या कडेला त्याहून कमी. कडेभोवती पातळ पॅकिंग लाव. फटीतून आतली हवा वर निघाली तर पंखाची उचल घटते, आणि किनवटचा पाऊस आत शिरला तर लाकूड कुजतं.

पेट्रोल भरायच्या नळीभोवती झाकणाचं भोक घट्ट ठेवू नकोस. टाकी उन्हात फुगते, उडताना थोडी हलते. पत्रा तिला टेकला की घासून भोक पडेल. रबराची कॉलर लाव. टाकीखाली पट्ट्यांवर नमदा आहे ना ते आत्ताच बघून घे, आणि टाकी ते सांगाड्याचा धातूचा भाग अशी तांब्याची जाळीदार पट्टी जोड, पेट्रोल भरताना ठिणगीचा धोका कमी होईल. खालच्या कापडाला निचऱ्याचं भोक राहू दे. सांडलेलं पेट्रोल आणि त्याची वाफ खणात साठून राहणं फार वाईट.

पेट्रोलचं निघालंच तर: पंपावरचं पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं आहे आणि तुझ्या रोटॅक्स 912 इंजिनला कंपनीने 10 टक्क्यांपर्यंतच मुभा दिली आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते टाकीच्या तळाशी बसतं आणि ॲल्युमिनियम खातं. तू विमानाचंच 100 एलएल पेट्रोल वापर. तरी दरवर्षी झाकण काढून टाकीचा तळ, पट्ट्या आणि नळ्यांचे सांधे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचेच.

ही कामं या पावसात करू नकोस. पैनगंगेकाठच्या दमट हवेत डोप पांढरा पडतो, डिंकही नीट धरत नाही. लाकडी चौकट आणि वाळूची परीक्षा आत्ता उरकून घे, कापड दसऱ्यानंतर काप.

बदलाचा कागद मात्र आजच सुरू कर. नकाशा, हिशेब, परीक्षेचे फोटो, दोन्ही झाकणांची वजनं, सगळं लॉगमध्ये. डिझायनरला कळव, डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, फाईलमध्ये लाव. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान 2016 च्या मेक इन इंडिया सप्ताहात सगळ्यांनी पाहिलं. नोंदणी 2017 ला झाली आणि उडण्याचा परवाना 2019 ला मिळाला. ते विमान धातूचं, माणूस व्यवसायाने वैमानिक, तरी एवढा काळ गेला. तुझ्या फाईलमध्ये एक न सांगितलेलं भोक सापडलं तर काय उत्तर देशील?

कडेच्या दोन्ही रिबांची उंची, जाडी आणि स्पारपासून स्पारपर्यंतचं अंतर मोजून कळव. टेकू कुठे द्यायचे ते मी कागदावर काढून पाठवतो. कापड कापायच्या दिवशी मी नांदेडहून आदिलाबादच्या गाडीने येईन. तोवर कात्री लावू नकोस. ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा