दोन जास्तीची शून्यं

नव्या गाडीत एसी कमी करायचा तर रस्त्यावरची नजर काढून स्क्रीनवर बटण शोधावं लागतं. यावर कुरकुर केली की आमचे एक इंजिनिअर मित्र ऐकवतात, ‘‘माहिती समोरच असते. चुकतो तो न बघणारा.’’

न बघणारा! २० जानेवारी १९९२ च्या संध्याकाळी एअर इंटरचं एअरबस ए-३२० विमान स्ट्रासबर्गला उतरत होतं. उतार ३.३ अंशांचा हवा होता. कॉकपिटातल्या एकाच चौकटीत कधी उताराचा कोन दिसे, कधी उतरण्याचा वेग. काय दिसणार ते एका बटणावर ठरे. कोन असला तर ‘-३.३’. वेग मिनिटाला ३,३०० फूट असला तर ‘-३३’. फरक एका टिंबाचा. विमान डोंगरावर आदळलं, ९६ पैकी ८७ माणसं गेली. चौकशीत छातीठोक निष्कर्ष निघाला नाही, पण कोन समजून वेगच लावला गेल्याच्या गफलतीचा संशय बळकट होता. (जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्रही त्या विमानात नव्हतं, तो वेगळाच संतापाचा विषय.) माहिती समोर होती की!

बघणं आणि वाचणं मी नेहमी वेगळं धरतो. घड्याळाचे काटे आपण बघतो, आकडे वाचतो. उतरताना वैमानिकाची नजर वेग, उंची, दिशा, बाहेरचा अंधार अशी सतत फिरत असते. तिला वाचायला लावणं म्हणजे पंगतीत वाढणाऱ्याला मध्येच थांबवून हिशेब विचारणं.

काटे परत आणा, असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली उपकरणं वाचतानाच्या २७० चुका तपासल्या, त्यात तीन काट्यांचा उंचीमापक चांगलाच बदनाम झाला. शेकड्यांचा एक काटा, हजारांचा एक, दहा हजारांचा एक. तिसरा नजरेतून निसटला की दहा हजार फुटांचा घोटाळा. काटेच होते ते!

तेव्हा काटा की आकडा, हा वाद सोडलेला बरा. दोन अवस्था वेगळ्या असतील तर त्या वेगळ्या दिसतात का, एवढंच विचारावं. आणि इथे माझीच पंचाईत होते. मला कॉकपिट मोकळं, कमी आकड्यांचं हवं होतं. एअरबसनं पुढे वेगाचा आकडा चार अंकी केला, ‘-३३००’. वाढवलेल्या दोन शून्यांत नवी माहिती काडीची नाही. पण आता आकडा वाचायच्या आधी त्याची लांबीच बघून कळतं, की हा कोन नव्हे.