समुद्र ओलांडला की धर्म बुडतो?

बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पतनीय, म्हणजे पातित्य आणणाऱ्या, कर्मांत घातला. मनुस्मृतीने समुद्रावर जाणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंक्तीतून उठवले. पण तीच मनुस्मृती आठव्या अध्यायात सांगते, की समुद्रव्यवहारातल्या कर्जाचे व्याज त्यातल्या जाणकारांनीच ठरवावे. म्हणजे खरा रोख व्यापारावर नव्हता, पुरोहिताच्या शुचितेवर होता. कच्छचे भाटिया व्यापारी तर कट्टर वैष्णव. तरी ते मस्कतला, पुढे झांझिबारला पोचले, आणि १९व्या शतकात जयराम शिवजींच्या पेढीने तिथल्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता कित्येक दशके सांभाळला. हस्तिदंताच्या व्यापाराला भांडवल अशाच पेढ्या पुरवत.

मग निषेध नुसता कागदावरच होता, असे कोणी म्हणेल. तसेही नाही. भाटियांनी बायकामुले दीर्घकाळ कच्छातच ठेवली, परमुलखात सोवळेओवळे पाळले; धास्ती समुद्राची नव्हती, घर हलण्याची होती. मला खटकते ते वेगळेच. झांझिबारच्या जकातीत गुलामांवरचा करही असे; तिथला गुलामबाजार बंद झाला तो १८७३मध्ये. पाणी कोणाच्या हातचे, हे विचारणारी शुचिता पैसा कशाचा, हे विचारताना अडखळली. ‘काळच तसा होता’ हा बचाव पुरत नाही, कारण जीवदया त्यांच्या वैष्णव घरात त्याही काळी होतीच. पांजरपोळांना देणग्या जात होत्या.